अमेरिकन फुटबॉलच्या गमतीजमती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या विजेतेपदाचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. त्यासाठी गजर लावून उठतो हे एकदा चारचौघांत कबूल केलं की प्रश्नांना तोंड द्यावंच लागतं. गेल्या काही वर्षांत हमखास विचारले गेलेले प्रश्न इथे आहेत. नियम शिकवण्याचा विचार नाही. पण नियमांवाचून गंमत कळणार नाही, तिथे दोन वाक्यं खर्च केली आहेत.

पायाने क्वचितच मारतात, मग ह्याला फुटबॉल का म्हणायचं?

हा खेळ रग्बीतून निघाला. रग्बीही स्वतःला फुटबॉलच म्हणवते, त्यामुळे नाव घराण्यातूनच आलेलं आहे. १८८० च्या दशकात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने त्यात वेगळेपणा आणला: चेंडू एका संघाकडे राहील, पण ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापलं नाही तर तो समोरच्याला द्यायचा. आज चार प्रयत्नांत दहा यार्ड असा हिशेब आहे. कबड्डीत चढाईला जाणाऱ्याला जशी श्वासाची मुदत, तशी इथे प्रयत्नांची.

चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली ती १९०६ साली. त्याआधी सगळी ढकलाढकली असे, आणि १९०५ च्या मोसमात इतकी पोरं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावं लागलं. टीव्हीवर आपण ज्या लांबलचक फेकींवर टाळ्या वाजवतो, त्या खेळ कमी जीवघेणा करण्यासाठी आणल्या गेल्या होत्या.

तीन तासांच्या प्रक्षेपणात खेळ किती असतो?

घड्याळाप्रमाणे साठ मिनिटं. पण घड्याळ लावून मोजणाऱ्यांना चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ साधारण अकरा मिनिटं भरला. बाकी वेळ उभं राहणं, कुजबुजणं आणि जाहिराती. पाच दिवसांच्या कसोटीवर वाढलेल्या माणसाने ह्यावर हसू नये, असं माझं मत.

पहिला पैसे घेऊन खेळलेला खेळाडू कोण?

विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गमधल्या एका सामन्यासाठी ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशनने त्याला ५०० डॉलर दिले. त्या काळी पैसे घेणं म्हणजे नाक कापून घेणं, त्यामुळे सगळं गुपचूप. पुढे सत्तरएक वर्षांनी क्लबच्या हिशेबाचं एक पान उजेडात आलं, त्यात ही रक्कम रोख दिल्याची नोंद होती. चोरी पकडली गेली ती कारकुनाच्या चोख हिशेबामुळे! पैसे मात्र वसूल झाले. त्याने निसटलेला चेंडू उचलून टचडाउन केला, म्हणजे समोरच्याच्या टोकाची रेघ चेंडूसकट ओलांडली, आणि संघ ४–० असा जिंकला. तेव्हा टचडाउनला चारच गुण मिळत.

एनएफएल, म्हणजे ह्या खेळाची मुख्य व्यावसायिक लीग, खरंच मोटारीच्या शोरूममध्ये जन्मली का?

खरंच. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातल्या कँटन गावी राल्फ हे यांच्या हपमोबाइल गाड्यांच्या शोरूममध्ये संघचालक जमले. माणसं जास्त, खुर्च्या कमी. मग मंडळी गाड्यांच्या पायऱ्यांवर आणि मडगार्डवर टेकली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, तरी बादल्यांत बिअर होती. प्रत्येक संघाने १०० डॉलर प्रवेश फी भरायची असं ठरलं. शिकागो बेअर्सचे जॉर्ज हलास पुढे सांगत की त्या अख्ख्या खोलीत मिळून शंभर डॉलर असतील की नाही याचीच त्यांना शंका होती.

अध्यक्ष म्हणून जिम थॉर्पला नेमलं. व्यवहारज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता, पण नाव देशभर गाजलेलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली होती. नंतर कळलं की त्याआधी तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. तेवढ्यावरून पदकं काढून घेतली. त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं, आणि तो तर १९५३ मध्येच गेला होता.

‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव १९२२ चं. पहिल्या वर्षीच्या संघांपैकी आज दोनच उरलेत, बेअर्स आणि कार्डिनल्स.

कुत्रे विकण्यासाठी काढलेला संघ, ही थाप आहे ना?

थाप वाटावी अशीच गोष्ट आहे, पण खरी. ओहायोतल्या लारू ह्या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात वॉल्टर लिंगो नावाचा गृहस्थ एअरडेल जातीचे कुत्रे पैदा करून टपालाने देशभर विकायचा. त्याच्या केनेलचं नाव ऊरँग. जाहिरात म्हणून त्याने १९२२ साली एनएफएलमध्ये संघच उतरवला, ‘ऊरँग इंडियन्स’. सगळे खेळाडू अमेरिकेतले मूलनिवासी, कर्णधार-प्रशिक्षक जिम थॉर्प. संघाची फी १०० डॉलर होती आणि लिंगोचा एक कुत्रा १५० डॉलरला जाई, म्हणजे व्यापाऱ्याच्या नजरेने संघ स्वस्तच पडला.

मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती घ्यायची नाही. त्यांनी कुत्र्यांचे खेळ करून दाखवायचे, नाच करायचे, नेमबाजी करायची. लोक सामन्यापेक्षा त्यासाठीच येत. लारूत धड मैदान नसल्याने संघ जवळजवळ कायम गावोगाव फिरत असे. दोन मोसमांत चार विजय, सोळा पराभव, मग कारभार आटोपला. आज सुपर बोलच्या मध्यंतरात गायकांचे भव्य कार्यक्रम होतात, तेव्हा मला हटकून ते एअरडेल आठवतात. पण थॉर्पसारख्या माणसाला कुत्र्यांच्या जाहिरातीत नाचवलं गेलं, हे काही हसून सोडून देण्यासारखं नाही. लारू हे एनएफएलचा संघ असलेलं आजवरचं सर्वांत छोटं गाव.

ग्रीन बे पॅकर्सचा मालक कोण?

पाच लाखांहून जास्त लोक. बाकी प्रत्येक संघाच्या मागे कोणीतरी अब्जाधीश किंवा त्याचं घराणं असतं, ग्रीन बेमध्ये मात्र भागधारक. जेमतेम लाखभर वस्तीचं हे गाव. १९२३ साली संघ बुडायला लागला तेव्हा गावकऱ्यांनी शेअर घेऊन तो वाचवला. त्यानंतर १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये पुन्हा शेअर काढले गेले. शेवटच्या वेळचा भाव ३०० डॉलर.

त्या ३०० डॉलरांत काय मिळतं? एक कागद. लाभांश नाही, भाव वाढत नाही, बाजारात विकता येत नाही, तिकिटात सवलतसुद्धा नाही. वार्षिक सभेला जाऊन मत देता येतं. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला निदान दिवाळीला साखर तरी मिळते! तरीही लोक तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावतात.

संघ विकून कोणी गबर होऊ नये म्हणून १९२३ पासूनच तजवीज होती: कधी विकावाच लागला तर पैसे माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला, सैनिकांचं स्मारक बांधायला. १९९७ मध्ये तिच्या जागी धर्मादाय प्रतिष्ठानाचं नाव आलं. अशी रचना करायला लीग आता दुसऱ्या कोणाला परवानगी देत नाही.

नावाचंही विचारतात. पॅक करणारे ते पॅकर्स. १९१९ मध्ये संघाचा संस्थापक कर्ली लँबो जिथे नोकरीला होता त्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने जर्सींसाठी पैसे दिले. कंपनीचं नाव ‘इंडियन पॅकिंग’. आपला काही संबंध नाही, उगाच फुशारक्या मारू नका.

चेंडू डुकराच्या कातड्याचा असतो का?

नाही, गाईच्या. ‘पिगस्किन’ हे टोपणनाव राहिलं, कारण पूर्वी आत फुगवायला डुकराचं मूत्राशय वापरत. एनएफएलचे चेंडू ओहायोतल्या एडा गावच्या कारखान्यात शिवले जातात, चामडं शिकागोहून येतं. चेंडू आधी उलटा शिवतात, मग वाफेवर मऊ करून हातांनी सुलटा करतात. उशीचा अभ्रा उलटवणाऱ्याला कृती कळेल, फक्त इथे मनगटात जोर लागतो.

चेंडूंचा तुटवडा पडल्याचाही किस्सा आहे. १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३–० असं धुतलं. टचडाउननंतर एका जादा गुणासाठी किक मारतात आणि चेंडू जातो प्रेक्षकांत. इतके चेंडू गेले की शेवटी पंचांनीच बेअर्सना विनवलं, बाबांनो, आता किक नको, धावून नाहीतर फेकून काय तो गुण मिळवा.

खेळाडू सारखे घोळका करून काय कुजबुजतात?

पुढची चाल ठरवतात. ह्या घोळक्याला हडल म्हणतात, आणि त्याची जन्मकथा फार सुंदर आहे. वॉशिंग्टन शहरात गॅलॉडेट हे कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू, पॉल हबर्ड खुणांच्या भाषेत चाली सांगायचा. प्रतिस्पर्धी दुसऱ्या बधिर शाळेचा असला की त्यांना सगळं समोरूनच वाचता येई. मग हबर्डने आपल्या गड्यांना गोल करून उभं केलं आणि पाठींच्या आडोशाला खुणा केल्या. ऐकू येणाऱ्यांनी ती युक्ती उचलली.

टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ मैदानात कशी आखतात?

दहा यार्ड कुठे पुरे होतात ते दाखवणारी ही रेघ मैदानात नसतेच. हा प्रश्न स्टेडियममध्ये पहिल्यांदा जाऊन आलेले लोक जरा खट्टू होऊन विचारतात. २७ सप्टेंबर १९९८ च्या रात्रीच्या सामन्यात ती पहिल्यांदा दिसली. प्रत्येक कॅमेरा कुठे वळलाय, किती जवळ गेलाय याची नोंद संगणक घेतो आणि मैदानाचा नकाशा त्यावर बसवतो. खरी करामत पुढे आहे: रेघ खेळाडूच्या अंगावरून न जाता पायाखालून गेल्यासारखी दिसली पाहिजे. त्यासाठी गवताच्या छटा कुठल्या आणि जर्सीच्या कुठल्या हे संगणकाला आधी पढवावं लागतं. हिरवी जर्सी आणि हिरवं गवत एकत्र आलं की चालवणाऱ्याला घाम फुटतो. ऊन-सावली हलली, चिखल झाला, की पुन्हा जुळवाजुळव.

ह्या सगळ्या झगमगाटात दहा यार्ड मोजायचे कसे? दोन काठ्या आणि मध्ये साखळी. अब्जावधींच्या खेळाचा निकाल वर्षानुवर्षं ह्या साखळीवर होत आला. २०२५ च्या मोसमापासून कॅमेऱ्यांवरून मोजणं सुरू झालं, तरी साखळीवाले कडेला उभे आहेतच.

हिमवर्षावात, बर्फात सामने रद्द होत नाहीत का?

सहसा नाही, आणि त्यातूनच उत्तम किस्से निघालेत.

डिसेंबर १९३२. शिकागोत विजेतेपद ठरवणारा सामना होता आणि बाहेर भयंकर बर्फ. मग सामना आत, बंदिस्त सभागृहात नेला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती, त्यामुळे खाली माती आणि जनावरांनी मागे ठेवलेला ऐवज तसाच. जागा इतकी अपुरी की मैदान जेमतेम ऐंशी यार्डांचं, आणि भिंती अगदी सीमारेषेला खेटून. म्हणून प्रत्येक चाल भिंतीपासून थोडी आत आणून सुरू करायची असं ठरलं. बेअर्सने पोर्ट्समथला ९–० हरवलं. पण सामना इतका रंगला की पुढच्या मोसमात लीगने चालीची जागा आत आणण्याचा नियम कायम केला आणि दरवर्षी अंतिम सामना घ्यायचं ठरवलं. आज मैदानावर ज्या आखूड रेघांच्या दोन ओळी दिसतात, त्यांचं मूळ त्या सर्कशीच्या वासात आहे.

दोन वर्षांनी, १९३४ च्या अंतिम सामन्यात न्यूयॉर्कचं मैदान गोठून काच झालेलं. खिळ्यांच्या बुटांनी पाय ठरेनात. जायंट्सनी एब कोहेन नावाच्या माणसाला मॅनहॅटन कॉलेजात पिटाळलं. त्याने तिथून बास्केटबॉलचे रबरी बूट गोळा करून आणले. पिछाडीवर असलेल्या जायंट्सनी बूट बदलले आणि शेवटच्या चौथ्या भागात २७ गुण ठोकले. ३०–१३.

आणि ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. तापमान उणे २५ सेल्सिअस. प्रशिक्षक विन्स लोंबार्डी यांनी मैदानाखाली तापवणाऱ्या तारा घातल्या होत्या, त्या ऐन वेळी बिघडल्या. पंच नॉर्म शॅक्टर यांची धातूची शिट्टी ओठाला चिकटली. ओढून काढली तर कातडीसकट निघाली. मग उरलेला सामना पंचांनी नुसत्या ओरडण्यावर चालवला. तेरा सेकंद राहिले असताना क्वार्टरबॅक बार्ट स्टारने स्वतःच चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि पॅकर्स डॅलसवर २१–१७ असे जिंकले. पन्नास हजार लोक शेवटपर्यंत बसून होते. मला डिसेंबरच्या पुण्यात स्वेटर लागतो.

एखाद्या संघाच्या खात्यात एकूण एकच गुण असताना सामना संपू शकतो का?

नियमांच्या पुस्तकात अशी वाट आहे. एनएफएलमध्ये ती अजून कोणाला सापडलेली नाही.

उलट्या दिशेने धावलेला खेळाडू कोण?

मिनेसोटाचा जिम मार्शल, २५ ऑक्टोबर १९६४. निसटलेला चेंडू उचलला आणि ६६ यार्ड सुसाट धावला, स्वतःच्याच टोकाला. तिथे खुशीत चेंडू भिरकावून दिला. सॅन फ्रान्सिस्कोचा खेळाडू जवळ येऊन आभार मानायला लागला तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. समोरच्यांना दोन गुण मिळाले. पुढचा भाग लोक विसरतात: मिनेसोटाने तो सामना २७–२२ असा जिंकला. मार्शल पुढे कितीतरी वर्षं एकही सामना न चुकवता खेळला, आणि लोकांनी मात्र ती एकच धाव लक्षात ठेवली.

‘सुपर बोल’ म्हणजे काय? ‘बोल’ कशाचा?

बोल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियममुळे महाविद्यालयांच्या मोठ्या सामन्यांना आधीपासून तसं म्हणत. ‘सुपर’ कॅन्सस सिटीचे मालक लामार हंट यांचं. त्यांच्या मुलांकडे उसळणारा रबरी ‘सुपर बॉल’ होता, त्यावरून त्यांना शब्द सुचला. तात्पुरता म्हणून सांगितला आणि चिकटला.

पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला, पॅकर्स ३५, कॅन्सस सिटी १०. तिकीट जास्तीत जास्त १२ डॉलर, आणि तरी हजारो खुर्च्या रिकाम्या! दोन वाहिन्यांनी एकाच वेळी तो दाखवला. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा त्यातली एक वाहिनी अजून मैदानावर परतलीच नव्हती, म्हणून सुरुवातीची किक पुन्हा मारायला लावली. नंतर दोघांनीही त्याच्या टेप पुसून वापरल्या. आज सुपर बोलमधल्या जाहिरातींची वर्षभर चर्चा होते.

अंतिम फेरीच्या दोन्ही संघांसाठी ‘विजेते’ लिहिलेले टी-शर्ट आधीच छापून ठेवतात. हरलेल्यांचे गठ्ठे मग धर्मादाय संस्थांमार्फत परदेशात जातात. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बफेलो बिल्स विजेते असल्याचे शर्ट घातलेली माणसं असणार. इथे, म्हणजे खऱ्या जगात, बिल्स १९९१ ते १९९४ लागोपाठ चार सुपर बोल हरले.

रातोरात गाव सोडून गेलेला संघ कोणता?

बाल्टिमोर कोल्ट्स. मालकाचं आणि शहराचं स्टेडियमवरून फाटलं होतं. संघ सरकारजमा करण्याचा कायदा राज्याच्या विधिमंडळात येतोय म्हटल्यावर २८ मार्च १९८४ च्या रात्री मालकाने मालवाहू ट्रक बोलावले. पहाटेपर्यंत हेल्मेटपासून टेबलांपर्यंत सगळं इंडियानापोलिसच्या वाटेला लागलं. बाल्टिमोरकर सकाळी उठले तर संघ गायब.

वाचले ते संघाच्या बँडचे गणवेश. ते धुलाईला टाकलेले होते. बँडवाल्यांनी ते मिळवले आणि मालकाच्या हाती लागू नयेत म्हणून काही काळ एका दफनभूमीतल्या थडग्याच्या दालनात दडवले. मग ह्या मंडळींनी जे केलं त्याला माझ्याकडे शब्द नाही: शहरात संघ नसताना बँड बारा वर्षं वाजत राहिला. १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा संघ उचलून बाल्टिमोरला आणला गेला, रेव्हन्स नावाने, आणि बँडला शेवटी वाजवायला घर मिळालं. इकडे क्लीव्हलंडमध्ये लोक रडत होते, ती बाजूही लक्षात ठेवावी.

सर्वांत आधी निवडलेला खेळाडू सर्वांत भारी ठरतो का?

१९३६ मध्ये पहिल्यांदा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडून घेण्याची वाटणी, झाली. पहिलं नाव जे बरवँगर. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशांचं जुळलं नाही, त्याने फोम रबर विकायचं पत्करलं. उलट टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकला. शेवटच्या क्रमांकाला तर ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे बिनकामाचे साहेब, म्हणून चिडवायची प्रथा आहे. २०२२ चे साहेब ब्रॉक पर्डी, २६२ वे, दोन वर्षांत सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून उभे होते.

आपल्याकडचं कोणी आहे का ह्यात?

थोडं आहे. ब्रँडन चिलर, ज्याचे वडील भारतीय, रॅम्सकडून आणि मग पॅकर्सकडून खेळला. फेब्रुवारी २०११ मध्ये पॅकर्स सुपर बोल जिंकले तेव्हा तो दुखापतीमुळे बाहेर बसून होता. त्यानंतर भारतात ह्या खेळाची लीग काढण्याच्या खटपटीतही तो सामील झाला. शेजारी लाहोरचे शाहिद खान जॅक्सनव्हिल संघाचे मालक आहेत. सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले, तेव्हा तासाला १.२० डॉलरवर भांडी घासत होते.

ती भारतातली लीग २०१२ साली झाली. संघ भारताच्या आणि शेजारच्या देशांच्या शहरांचे, सामने मात्र कोलंबोत. पहिला मोसम जिंकला ‘पुणे मराठाज’ने. पुण्यात हे मी ज्या-ज्या माणसाला सांगितलं, त्या प्रत्येकाने आधी माझ्याकडे आणि मग चहाच्या कपाकडे पाहिलं.